पाना जागेवर ठेव

खंडेनवमीला आमच्याकडं सकाळची धार साडेचारला नाही, चारलाच काढतात. कारण दूध डेअरीला घालून आलं की धार काढायचं मशीन खोलायचं असतं, त्याचा पल्सेटर सुटा करायचा, कडबाकुट्टीची, म्हणजे कडबा कापायच्या यंत्राची, पाती उतरवायची, ट्रॅक्टरच्या सीटखालचा डबा काढायचा, विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, फवारणीचा पंप, ग्रीसगन, झाडून सगळे पाने अंगणात पोत्यावर मांडायचे आणि डिझेलच्या बोळ्यानं एकेक पुसून घ्यायचा. मग हळदकुंकू, झेंडू, नारळ. आणि दुपारी चारच्या आत परत सगळं जसंच्या तसं जोडायचं, कारण संध्याकाळच्या धारेला गाई थांबत नाहीत, कास भरली की त्या हंबरायला लागतात मग सण असो नाहीतर सुतक.

पूजा हल्ली मी करते. आधी मामा करायचे, म्हणजे माझे सासरे, पण दोन वर्षं झाली त्यांना गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही, ते खुर्चीवर बसून बघतात आणि काय राहिलं ते सांगतात. कुंकवाचं पहिलं बोट लागतं ते एका काळ्या गोल लोहचुंबकाला. जुन्या स्पीकरमधला आहे, तळहाताएवढा, मधे भोक, भोकातनं सुतळी ओवलेली. तो पहिला का ते पुढं सांगते, आत्ताच सांगितलं तर बाकीचं लिहवणार नाही.

मी लग्न होऊन इथं आले २००८ ला. विट्यापासून बारा-तेरा किलोमीटरवर आमची वस्ती, खानापूर तालुका, जिल्हा सांगली. या भागातले बाप्ये पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्याला बाहेर असतात, सोनं-चांदी गाळायची दुकानं, कुणी तमिळनाडूत कुणी केरळात कुणी पार आसाम-बंगालकडं. आमचे हे त्रिशूरला. वर्षातनं दोनदा येतात, जत्रेला आणि दिवाळीला. त्यामुळं इथं घरी मामा, आत्या म्हणजे सासूबाई, मी आणि दोन पोरं, आणि आता सहा दुभत्या गाई, दोन भाकड, तीन कालवडी आणि पंधरा-वीस शेरडं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी इथं हिरवी वैरण म्हणजे पावसाळ्यातलीच. आता नेपियर आहे, मका आहे, पण मामांचा जीव अजून शाळूच्या कडब्यातच, त्यातही मालदांडीचा असला की ते पेंडी हातात घेऊन वास घेतात.

मी माहेरी कधी पाना हातात धरला नव्हता. सांगलीत वाढले, वडील बँकेत, घरात नळ गळला की प्लंबर. इथं आले तर गोठ्याच्या भिंतीवर एक फळी, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटनं काढलेली त्या त्या अवजाराची आकृती. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा, चौदा-पंधराचा, पक्कड, कानस, हातोडी, फिलर गेज. एखादी वस्तू जागेवर नसली की तिथं पांढरी आकृती रिकामी दिसायची, तोंडातला दात पडल्यागत. मामा जास्त बोलणारे नाहीत. पण रिकामी आकृती दिसली की सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "पाना जागेवर ठेव!" पहिल्या वर्षी मला वाटायचं एवढं काय, एक पाना तर आहे. मी त्यातनं चटणी-मिठाच्या डब्यांचा अर्थ काढला, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात मला डबा जागेवर लागतो तसं त्यांना हे. तेवढ्यावर नव्हतं ते, पण कळायला वेळ लागला.

मिल्किंग मशीन आलं २०१४ ला, एका बादलीचं, एकावेळी एक गाय. तेव्हा आत्यांचं मनगट दुखायला लागलं होतं आणि मी एकटी चार-पाच गाईंच्या धारा काढून बोटं वाकडी करून घेत होते. कंपनीचा माणूस आला, अर्धा तास दाखवून गेला. त्यानं चालू कसं करायचं ते दाखवलं, सांभाळायचं कसं ते नाही. ते मी हळूहळू शिकले, काही पुस्तिका वाचून, काही पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून, आणि बरंचसं गाईकडनं.

मशीनचं तत्त्व साधं आहे. पंप नळीतली हवा ओढतो, त्या ओढीवर चार कप चार सडांना धरून राहतात. पण नुसती ओढ ठेवली तर सड सुजेल, म्हणून पल्सेटर. तो मिनिटाला साठ वेळा हवा सोडतो-ओढतो, सोडतो-ओढतो, त्यानं कपातलं रबर मिटतं आणि उघडतं. उघडलं की दूध येतं, मिटलं की सडाला विसावा. हा विसावा फार महत्त्वाचा आहे. तो नाही मिळाला तर रक्त सडाच्या टोकाला साठतं, टोक कडक होतं, आणि पाठोपाठ दगडी, म्हणजे कासेला सूज, यायला वाट मोकळी. दगडी आली की एक सड कायमचं जाऊ शकतं, आणि तीन सडांच्या गाईला बाजारात कोण विचारतं.

२०१७ च्या उन्हाळ्यात असं झालं की चांदणी, आमची कपाळावर पांढरा ठिपका असलेली काळी गाय, मशीन लावलं की पाय झाडायला लागली. आधी कधी नाही. मशीनच्या ओढीचा काटा बघितला तर बरोबर, ४२ किलोपास्कलच्या आसपास, आम्ही तेवढाच ठेवतो. तेल बघितलं, तेल बरोबर. मी म्हटलं हिलाच काहीतरी झालंय. मामा गोठ्याच्या दारात उभे होते, म्हणाले, "मशीन ऐक जरा." मी ऐकलं. आवाज रोज टक्-टुक् टक्-टुक् असा बैलाच्या चालीसारखा सरळ यायचा, तो त्या दिवशी टक्... टुक्-टक्... टुक् असा लंगडत होता. घड्याळ लावून मोजलं तर साठाच्या जागी एकेचाळीस. मग एकेक नळीवरनं ओलं बोट फिरवत गेले, आणि पल्सेटरच्या तोंडाला जिथं छोटी नळी वाकते तिथं बोट ठेवलं की बारीक शू असा आवाज येत होता तो थांबला. नखाच्या चंद्राएवढी चीर. नळी कापून दोन बोटं मागं घेऊन बसवली, तोंडाशी अडकलेला कचरा काढला, चाल परत सरळ झाली आणि चांदणी दुसऱ्या मिनिटाला रवंथ करायला लागली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की गाय तक्रार करत होती ती मशीनची, आणि मी औषध शोधत होते गाईला.

तेव्हापासून मी धार काढताना मोबाईलवर गाणी लावत नाही. लोकांना सांगितलं की नवल वाटतं. पण आवाज हाच माझा मीटर आहे, मोटर गुंगवते का, पट्टा चिरकतो का, बेअरिंग कोरडं बोलतंय का, हे कान मोकळा असला तरच.

धुण्याचंही तसंच. आधी कोमट पाणी, कडक नाही. एकदम कडक पाणी ओतलं की नळीतलं दूध तिथंच शिजून चिकटतं. कोमट पाण्यानं दूध निघून गेलं की मग कडक पाणी आणि पावडर, मग साधं पाणी, आणि आठवड्यातनं एकदा अ‍ॅसिडचं धुणं, कारण आमच्या बोअरचं पाणी जड, आतनं पिवळट खर बसते, बोट घातलं की खरखर लागते. आणि लायनर, म्हणजे कपातलं रबर, साधारण अडीच हजार धारांना बदलायचं. सहा गाई, दोन वेळा, म्हणजे दिवसाला बारा धारा, तर अडीच हजार भरतात दोनशे आठ दिवसांत, सात महिन्यांत. दिसायला तेव्हाही ते रबर चांगलंच दिसतं, आणि इथंच माणूस फसतं. सेटला पैसे पडतात, दुधाचा दर पडलेला असतो, मन म्हणतं अजून महिनाभर चालेल. बोट घालून आतनं ताणून बघितलं की मग दिसतात त्या बारीक भेगा, आणि त्या भेगांत जे राहतं ते कुठल्या पावडरीनं निघत नाही.

आता कडबाकुट्टी.

हे यंत्र या भागाला काल-परवाचं नाही. किर्लोस्करवाडी इथनं जवळ, पलूस तालुक्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, पण त्याच्या आधी बेळगावात असतानाच ते लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं करायचे. लोखंडानं जमीन नासते म्हणून आधी लोक तो नांगर घेत नव्हते असं सांगतात. मामांच्या वडिलांकडं हातानं फिरवायची कुट्टी होती, मोठं चाक, एकानं फिरवायचं एकानं पेंडी सारायची, त्या चाकाचा दांडा अजून माळ्यावर आहे आणि खंडेनवमीला तोही खाली येतो. कुट्टी का करायची तर आख्खा कडबा टाकला की जनावर पानं खातं आणि बुडखा तुडवून टाकतं, वरनं त्यावरच शेण करतं. कापून दिला की सगळा पोटात जातो. दुष्काळी भागात हे छोटं नाही.

पण कुट्टीला मी घाबरते, आणि घाबरलंच पाहिजे असं माझं मत आहे. शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईचा हात मनगटापासून गेला. पेंडी अडकली, तिनं मशीन चालू ठेवूनच आत ढकलली, रूळांनी पेंडीबरोबर हात ओढला. पस्तिशीची बाई. मळणीयंत्रात हात जायचे म्हणून १९८३ ला देशात धोकादायक यंत्रांचा कायदाच झाला होता, पण कायदा गोठ्यात येऊन उभा राहत नाही. आमच्याकडं नियम मामांचा. बांगड्या काढायच्या, पदर खोचून वर शर्ट घालायचा, पेंडी अडकली तर दांडा उलटा टाकून ती मागं घ्यायची, हात नाही. आणि पात्याला हात लावायच्या आधी बटण बंद करून भागत नाही, फ्यूज काढायचा आणि तो स्वतःच्या कनवटीला लावायचा. स्वतःच्या. कारण लाईट आमच्याकडं कधी येते कधी जाते, आणि कुणीतरी पोर "आई लाईट आली" म्हणून उत्साहानं बटण दाबू शकतं.

पाती दर दहा-बारा दिवसांनी घासते. कानस एकाच दिशेनं, पुढं ढकलायची, मागं ओढायची नाही. पात्याचा जो मूळ उतार आहे तोच धरायचा, उगाच जास्त पातळ केलं की धार पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी आणि चौथ्या दिवशी खांडं पडलेली. मग पातं आणि खालची पट्टी यातली फट. कागद चिमटीत धरून चाक हातानं फिरवते, कागद सरळ कापला गेला तर बरोबर, दुमडला गेला तर फट जास्त, आणि लोखंडाला लोखंड लागल्याचा खर्र आला तर कमी. हे काम मला आवडतं. सकाळी सात-साडेसातचं ऊन गोठ्यात तिरकं येतं, पातं मांडीवरच्या पोत्यावर, लोखंडाची बारीक पूड पोत्यावर चमकते. ती पूडसुद्धा झटकायची नाही. पोतं चार टोकं धरून उचलायचं आणि लांब उकिरड्याच्या पलीकडच्या खड्ड्यात झाडायचं.

पोत्याची ही सवय त्या लोहचुंबकापासूनची.

२०२१ च्या एप्रिलमधे कुट्टीच्या पट्ट्यावरची जाळी हलायला लागली, एक बोल्ट तुटला होता. आठ एमएमचा बोल्ट, दहा रुपयांचाही नसेल. लॉकडाऊन, विट्याची दुकानं बंद. मी पत्र्याच्या कामातनं उरलेली बाइंडिंगची तार घेतली, दोन वेढे मारले, पकडीनं पीळ दिला, जाळी घट्ट बसली. मामांनी बघितलं, म्हणाले, "बोल्ट आणला की काढ ती." मी हो म्हटलं. पुढं दुकानं उघडली. मी दोन-तीनदा विट्याला गेले, पेंड आणली, पोरांच्या वह्या आणल्या, बोल्ट राहिला. कारण चालत होतं ना. रोज नजरेला पडायची ती तार आणि रोज वाटायचं उद्या.

श्रावणात चांदणीनं वैरण सोडली. ताप थोडा, दूध एका दिवसात निम्म्यावर. आधी अपचन वाटलं. मग ती पाठीची कमान करून उभी राहायला लागली, पुढच्या पायांची ढोपरं बाहेर काढून, आणि उतारावरनं चालवली की कण्हायची, माणसासारखी. डॉक्टरांनी मुठीनं छातीखाली दाबून बघितलं तेव्हा तिनं जो आवाज काढला तो अजून माझ्या कानात आहे. त्यांनी विचारलं, गोठ्यात काही तारा, खिळे? मी नाही म्हणणार होते आणि माझी नजर कुट्टीकडं गेली. जाळीला तारेचा एकच वेढा होता. दुसरा नव्हता.

गाय चाखून-निवडून खात नाही, वैरण भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. जड वस्तू जाऊन बसते जाळीपोटात, आणि जाळीपोटाच्या पुढं, मधे नुसता एक पडदा, की हृदय. पोट आवळलं की तार पुढं सरकते. दहाव्या-बाराव्या दिवशी तिच्या गळ्याखालच्या पोळीला सूज उतरली, मानेची शीर दोरीसारखी फुगली, डॉक्टर म्हणाले आता ऑपरेशनचाही उपयोग नाही. अठराव्या दिवशी पहाटे गेली. पोस्टमॉर्टेममधे दीड इंचाचा तुकडा निघाला, एका टोकाला माझ्या पकडीचा पीळ तसाच.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. आत्या बोलल्या, रडल्या, मग त्यांनीच मला जेवायला वाढलं. मामा दुसऱ्या दिवशी स्वतः विट्याला गेले, गुडघे दुखत असताना एसटीनं, आणि बोल्ट आणला. त्याबरोबर भंगारवाल्याकडनं हा लोहचुंबक. सुतळी ओवून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कुट्टी झाली की खालनं ढिगातनं फिरवायचा. रोज." रोज फिरवते. चार वर्षांत त्याला लागलेलं एका बरणीत ठेवलंय, बारके खिळे, तारेचे तुकडे, एक सेफ्टी पिन, पेंडीच्या पोत्याची पिन, बाटलीचं टोपण. भाकड गाय असो की कालवड, प्रत्येकीच्या पोटात डॉक्टरांकडनं लोहचुंबकाची कांडीही सोडून घेतली, ती जाळीपोटात बसते आणि लोखंड धरून ठेवते.

म्हणून मला जुगाड या शब्दाचं हल्ली जे कौतुक चाललेलं असतं ते सोसत नाही. कुणी मोटरसायकलला कोळपं लावलं, कुणी बाटलीचा तुषार केला, व्हिडिओ फिरतात, लोक वा वा करतात. त्यात डोकं असतं, मी नाही म्हणत नाही, आणि अडल्या वेळी तारेचा वेढा मारावाच लागतो, पिकं आणि जनावरं थांबत नाहीत. पण वेढा मारला त्या दिवसापासून तो उधारीवर आहे. उधारी फेडल्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. डेअरीच्या स्लिपवर फॅट येते, एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग येतो, लिटर येतात, लायनर वेळेवर बदललं हे कुठल्या रकान्यात येत नाही. आमच्या बायकांच्या निम्म्या कामासारखंच ते, केलं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं.

त्या वर्षापासून मी वही ठेवली. डावीकडं गाई, उजवीकडं यंत्रं. डावीकडं कधी माजावर आली, कधी भरवली, एकवीस दिवसांनी परत बघायचं, नऊ महिने नऊ दिवस मोजून व्यायची तारीख. उजवीकडं पंपाचं तेल, लायनर, पाती, ट्रॅक्टरचे तास, अडीचशे तास भरले की इंजिन ऑइल. आणि सगळ्यात खाली एक चौकट, "तात्पुरतं". जे काही बांधून, चिकटवून, टेकू देऊन ठेवलंय ते तारखेसकट तिथं, आणि ती चौकट रिकामी झाल्याशिवाय मी दुसरं पान उघडत नाही. २०२२ ला लम्पी हा जनावरांचा त्वचारोग आला, बाजार बंद झाले, गोठ्यात माशा-गोचीड फवारायला पंप काढला तर त्याचं वायसर सहा महिन्यांपूर्वी बदललेलं वहीत होतं, पंप पहिल्या दाबाला चालला. २०२४ ला सरकारनं दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर चढवायचा होता, गाव डेअरीत रांगेत उभं असताना आमचे नंबर पहिल्या पानावर होते. ट्रॅक्टरचं मी फार करत नाही, डिझेलमधे हवा धरली तर फिल्टरचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन नुसतं डिझेल येईपर्यंत हातपंप मारायचा एवढं येतं, बाकी मिस्त्री.

यंदाच्या खंडेनवमीला हिशोबानं लायनरचे सात महिने भरत होते, म्हणून नवा सेट आधीच आणून ठेवला होता. पूजा झाली, नारळ फुटला, पोरांनी खोबरं पळवलं. तीनच्या सुमाराला जोडायला बसले. लेक सातवीत आहे, ती पाने देत होती, चौदाचा मागितला की चौदाचाच. पुलीवरचा झेंडू काढून टाकला, तो पट्ट्यात जायला नको. पाती चढवली, कागद कापून बघितला, फ्यूज कनवटीचा काढून लावला. संध्याकाळची कुट्टी झाली आणि लेकीनं चुंबक घेऊन ढिगातनं फिरवला, मी फळीवरच्या आकृत्या बघत होते, सगळ्या भरलेल्या.

"आई, हे बघ."

बारकं वायसर होतं, शेंगदाण्याएवढं, बहुतेक जोडताना माझ्याच मांडीवरनं घरंगळलेलं. मामांनी खुर्चीवरनं मान वर केली.

"काय घावलं?"

म्हटलं, एक वायसर.

"मग परत एकदा फिरव."